पाऊस यायच्या आधी कुंडीचं बूड बघा

पावसाळ्यात कुंडीतलं झाड मेलं की दोष किडीला जातो, बियाण्याला जातो, नाहीतर 'हवा मानवली नाही' म्हणून सुटका करून घेतली जाते. तेच झाड उपसून बघितलं तर बहुतेक वेळा मुळं कुजलेली आणि कुंडीचं भोक बुजलेलं सापडतं. खत, कीड, जात, ऊन या सगळ्याच्या आधी हे एक काम. वळवाची पहिली सर येऊन गेली असेल तर आजच करा.

कुंडी आडवी पाडा आणि बुडाच्या भोकात सळई किंवा पेचकस घाला. वर्षभर पाणी घातलेल्या कुंडीत मातीचा बारीक गाळ आणि मुळांची जाळी मिळून भोकात चिखलाचं बूच बसलेलं असतं. ते फोडून काढा. २० लिटरच्या बादलीला बुडाला १० ते १२ मिलिमीटरची किमान ५-६ भोकं हवीत. शिवाय बुडापासून २ सेंटिमीटर वर, बाजूला आणखी ४ पाडा. बाजूची भोकं एवढ्यासाठी, की कुंडी फरशीला घट्ट बसली की खालची भोकं असून नसल्यासारखी होतात. मग कुंडीखाली विटेचे तीन तुकडे ठेवून ती २-३ सेंटिमीटर उचला. खालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा. ग्रो बॅगचंही (झाडं लावायच्या तयार पिशवीचंही) तेच. तिची कारखान्यातून आलेली भोकं बारीक असतात आणि बॅग फुगून बसली की दबतात, म्हणून बाजूने नवीन पाडा.

आता तपासा. माती ओली करून घ्या आणि वरून १ लिटर पाणी एकदम ओता. मिनिटभरात खालून धार सुरू झाली पाहिजे. वर डबकं तसंच राहिलं तर भोक मोकळं असूनही माती दगडासारखी बसलेली आहे. ती बदला, वरवर उकरून भागणार नाही.

तळाला विटांचे तुकडे, खडी, नारळाच्या शेंड्या यांचा थर द्यायची सवय मात्र सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब भरेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे जो ओला पट्टा कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो खडीच्या उंचीएवढा वर, थेट मुळांच्या गर्दीत येऊन बसतो. भोकावर जाळीचा एक तुकडा किंवा एक खापरी पुरे. बाकी सगळी जागा मातीला द्या.

मिश्रण: २ भाग माती, १ भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १ भाग जाड वाळू किंवा भाताची तुसं. माती काळी चिकट असेल तर ती निम्मी करा आणि वाळू-तुसं वाढवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात ते गुणाचं. पण पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत ते चौथ्या हिश्श्याच्या वर नको.

परसात जमिनीवर लावणार असाल तर ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर तिथे सपाट वाफा करू नका. १ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, आणि दोन वाफ्यांमधल्या चरीला उतार देऊन तोंड बाहेर काढा. तोंड नसलेली चर म्हणजे लांबट डबकंच.

एवढा आग्रह का, तर मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की आतला साठा एखाद्या दिवसातच संपतो. पपई तर असं पाणी ४८ तास सोसत नाही. टोमॅटोच्या पानांचे देठ खाली वाकतात, मिरची खालून पिवळी पडत जाते. आणि पिथियम, फायटोफ्थोरासारख्या बुरशी याच पाण्यात पोहत मुळापर्यंत पोचतात.

खरी फसगत पुढे होते. मुळं गुदमरलेलं झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, आणि लोक आणखी पाणी घालतात. पानं पिवळी दिसली की दुकानदार बाटली काढतो: टॉनिक, बूस्टर, ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं. ओल्या कुंडीतल्या पिवळ्या झाडाला यातलं काहीही देऊ नका. घ्यायला मुळंच शिल्लक नाहीत. वरून घातलेलं खत क्षार होऊन साचतं आणि उरलेली मुळं जाळतं. बाटली विकणारा कुंडी उलटी करून बघत नाही, ते तुम्हालाच करायचं आहे.

ओळखायची खूण सोपी. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी ताठ झालं तर ते उन्हाने दमलं होतं. सकाळीच मान टाकलेली आणि माती ओली असेल तर मूळ गेलंय. बोट दोन पेरं खुपसा, माती हुंगा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर वाट बघू नका:

– झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. गोळा रद्दीच्या जाड थरावर ठेवा, कागद भिजला की बदला.
– मुळं चिमटीत धरून ओढा. साल सुटून आत दोऱ्यासारखा धागा उरला तर ते मूळ मेलेलं. अशी सगळी कापा. पांढरी, टणक ठेवा.
– वरचा शेंडा-फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटा.
– नव्या, नुसत्या दमट मिश्रणात लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.
– कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) २.५ ग्रॅम १ लिटर पाण्यात, बुंध्याशी एकदाच, हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) त्याच्याबरोबर घालू नका, तांबं त्यालाही मारतं. १५ दिवसांनी द्या.
– तीन आठवडे खत बंद.

अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर वांगं-टोमॅटोसाठी ही खटपट करू नका, नवीन रोप लवकर पुढे जातं. 

झड लागली आणि कुंड्या आत घ्यायला जागा नसेल तर एक जुगाड आहे. कुंडी ४५ अंशात कलती करून अर्धा तास टेकवून ठेवा. उभ्या कुंडीतून ठिबकायचं थांबलेलं पाणीही खालच्या कोपऱ्यात उतरून भोकातून येऊ लागतं. दुसरा उपाय भोकातून सुती दोरीची वात ओढून खाली लोंबती ठेवण्याचा. कामाचा वाटतो, पण गाळ धरलेल्या जुन्या मातीत फार भरवसा ठेवू नये. आणि पागोळ्यांखाली एकही कुंडी नको. एका सरीत जे झाडाला मिळायला हवं त्याच्या कितीतरी पट तिथे एका जागी पडतं.

हंगामाची लागवड, थोडक्यात:

पावसाळा: भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची, काकडी, दोडका, कारलं. पाणथळ कोपऱ्यात अळू.
हिवाळा: टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण.
उन्हाळा: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, तांदुळजा.

माती: पालेभाजीला १५ सेंटिमीटर खोल, मिरचीला १० लिटर, टोमॅटो-वांग्याला १५ ते २० लिटर, लिंबू-पेरू-डाळिंबाला ५० लिटर आणि पुढे.

बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला चोळणं): ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम. घरच्या चमचाभर बियाण्याला चिमूट पुरे.
मावा, तुडतुडे, पांढरी माशी: ५ टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. त्याच दिवशी संपवा.
फळमाशी (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचे सापळे): वेलांना क्यू ल्युअर, पेरू-आंब्याला मिथाइल युजेनॉल. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हिवाळ्यात पाऊस नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. थंडीत माती दोन-तीन दिवस ओली राहते, आणि पाणी घालणारा हात मात्र उन्हाळ्याच्या सवयीने रोज चालतो. मेथी-कोथिंबिरीची रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात, ती यामुळेच. दाट पेरू नका, पाणी सकाळी द्या. कुंडी उचलून बघायची सवय लावून घ्या. जड लागली तर आज पाणी नाही. चार दिवसांत हात बरोबर अंदाज सांगायला लागतो.

उन्हाळ्यात दुसरं टोक. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बदाबदा पाणी असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच जातं, पाणी तुटलं की तेही तुटतं. कॅल्शियमची बाटली घेऊ नका, पाणी नियमित करा. पालापाचोळ्याचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब ठेवून. मातीवर पांढरी खार दिसली तर कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून ती धुऊन काढा. अर्थात खालचं भोक उघडं असेल तरच, नाहीतर खार तिथेच फिरत राहते.

फळझाडांत सगळ्यात जास्त जपायचं ते लिंबू. कलमाचा जोड मातीच्या किमान १५ सेंटिमीटर वर हवा. जमिनीत असेल तर दुहेरी आळं करा. आतलं आळं मातीने चढवून कोरडं ठेवायचं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. खोडाला पाणी लागत राहिलं की सालीतून डिंक ओघळतो. डिंक दिसला तर रोगट साल चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. पहिली पेस्ट पावसाआधी, दुसरी पाऊस उघडल्यावर, जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. दुसरी लावायला वाकाल तेव्हा कुंडीतल्या लिंबाच्या भोकात सळई पुन्हा एकदा घालून बघा. चार महिन्यांत गाळ परत भरलेला असतो.