हीथ्रो ते गॅटविक: या चुका टाळा

"दोन्ही विमानतळ लंडनचेच ना, मग तासाभरात पोचू." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला, गॅटविक पार खाली दक्षिणेला, ससेक्समध्ये. सरळ रेषेत ४० किलोमीटर, रस्त्याने ६५च्या आसपास. आणि हा रस्ता म्हणजे एम२५, लंडनला वळसा घालणारा, कायम तुंबलेला महामार्ग.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाशा भलत्या वेळी बघणं. माझ्या मावसभावाने मे महिन्यात पुण्यात सकाळी आठला चहा घेता घेता मोबाइल उघडला. ५० मिनिटं! गडी खूश. पण तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले, आणि त्या वेळी एम२५ वर काळं कुत्रं नसतं. तेवढ्या भरवशावर त्याने गॅटविकहून व्हेनिसचं ११:५०चं विमान पकडायचं ठरवलं. हीथ्रोला उतरला सातला. इमिग्रेशनच्या रांगेत सव्वा तास, बॅगांना अर्धा तास, टॅक्सीत बसेपर्यंत नऊ. पुढे अपघात झालेला, गाड्या जागच्या हलेनात. ११:२० ला पोचला, तर बॅगा घेणारं काउंटर दहा मिनिटांपूर्वीच बंद.

वर दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली. पहिल्या कंपनीचं काम हीथ्रोला संपलं, दुसरीच्या लेखी हा नुसता उशिरा आलेला माणूस. बरोबरच्या मंडळींसकट पाच जणांची नवी तिकिटं काढावी लागली. स्वस्तात पडतं म्हणून हा घाट घातला होता, हे मी त्याला अजून ऐकवतो.

मी स्वतः नकाशात त्याच वाराची, तीच निघण्याची वेळ घालतो आणि तो 'इतकी ते इतकी मिनिटं' म्हणतो त्यातला मोठा आकडा धरतो. उतरणं ते उड्डाण, सहा तास. "सहा तास बसून करायचं काय?" विचारणाऱ्यांनी माझा सल्ला मागूच नये.

टॅक्सीही मी टाळतो. एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने फॅरिंग्डन स्टेशन, तिथून थेम्सलिंकची ट्रेन थेट गॅटविक. दीड तास धरा, पण एम२५ची कटकट नाही. अवजड बॅगा असतील तर मात्र जिने-लिफ्ट करताना कंबर धरेल.

व्हिसा: विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये शिरायचं. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही.

गॅटविकला नॉर्थ आणि साउथ अशी दोन टर्मिनल्स आहेत. आपलं कोणतं ते आधी बघा.

लंडन-पॅरिस तिकिटावर निघणं ९:००, पोचणं ११:२० दिसलं तर घाबरू नका. पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे आहे.

नावांना भुलू नका. 'फ्रँकफर्ट-हान' हे फ्रँकफर्ट शहरापासून १००हून जास्त किलोमीटर लांब आहे.

परवा मावसभावाचा मेसेज आला. यंदा हीथ्रोला उतरून लंडनच्याच स्टॅनस्टेड विमानतळाहून पुढे जायचं म्हणतोय, तिकीट फार स्वस्त आहे म्हणे. रस्त्याने १००च्या वर किलोमीटर, परत तोच एम२५. मी अजून उत्तर दिलेलं नाही.