लहान मुलाचा राग कसा हाताळावा?

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीवर साडेतीन वर्षांची मुलगी फुग्यासाठी जमिनीवर लोळण घेते, आजूबाजूचे लोक वळून पाहू लागतात आणि वडील घाईघाईने म्हणतात, ‘गप्प बस, नाहीतर इथंच सोडून जाईन.’ मुलगी गप्प होते खरी, पण ती भीतीने. आलेल्या रागाचे काय करायचे, हे तिला कळलेले नसते. ते शिकवण्याची सुरुवात त्याच क्षणी करता येते.

प्रथम स्वतः शांत व्हावे. मुलासमोर उकिडवे बसावे, आवाज खाली आणावा आणि मोजकेच बोलावे. आवेगांना लगाम घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. त्यामुळे लहान मूल मोठ्यांच्याच शांतपणाच्या आधाराने शांत होते. रडण्याच्या भरात केलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

त्यानंतर भावनेला नाव द्यावे: ‘तुला लाल फुगा हवा होता, मिळाला नाही म्हणून राग आलाय ना?’ माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घरोघरी नेमकी हीच राहून जाते. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, धास्तावणे, हेवा वाटणे असे कितीतरी नेमके शब्द मराठीत असताना आपण ‘हट्टी’ आणि ‘रडका’ या दोन शब्दांवर भागवतो. हे शब्द भावनेला नव्हे, तर मुलालाच चिकटतात. रोज जेवताना ‘आज मी जरा खट्टू झाले होते’ असे आईने सहज सांगितले, तर मूलही हळूहळू आपल्या मनातले बोलू लागते.

मग मर्यादा सांगावी. ‘राग आला तरी चालेल, पण मारायचं नाही,’ एवढे वाक्य पुरते. त्यासोबत पर्यायही द्यावा: गरम दुधावर फुंकर घालतो तसा लांब श्वास मुलाबरोबर आपणही तीन-चारदा सोडावा.

खेळणी वाटून घ्यायला शिकवण्याची मात्र घाई करू नये. दोन वर्षांची मुले बहुधा शेजारी बसून आपापले खेळतात. मिळून खेळणे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून रुजू लागते. तोवर समोरासमोर बसून चेंडू एकमेकांकडे सरकवावा आणि झोपाळ्यावर ‘दहा झोके तुझे, दहा ताईचे’ असे मोठ्याने मोजावे, म्हणजे वाट पाहण्याला शेवट आहे हे मुलाला दिसते.

नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडच्या गर्दीत जायचे असेल, तर मुलाला आधी खाऊ घालावे, त्याची झोप झालेली असावी आणि ‘आज देवीचं दर्शन घ्यायचं, खेळणी घ्यायची नाहीत’ हे घरातूनच सांगून निघावे. आजी-आजोबांनाही ते ठाऊक असावे. एकाने नाही म्हटलेले दुसऱ्याने पुरवले, तर मूल रडण्यालाच हत्यार समजू लागते.

एवढे करूनही कधी आपलाच तोल गेला, तर रात्री अंथरुणावर मुलाला जवळ घेऊन म्हणावे, ‘मघाशी मी तुझ्यावर ओरडलो, ते माझं चुकलं.’