5 मेच्या आधी रोजचं बायबल वाचन असं करा

कॅनडात 5 मेला रेड ड्रेस डे असतो, हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी बायका-मुलींसाठी, त्या दिवशी रिकामे लाल ड्रेस टांगतात. तिथल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनो, आठवडाभर आधीच सुरुवात करा. पहिलं 2 शमुवेल 13 घ्या, तामारवर बलात्कार होतो, ती डोक्यात राख घालून, अंगावरचा झगा फाडून रडत जाते आणि सख्खा भाऊच तिला गप्प राहा म्हणतो. इथे थांबा, मोठ्याने परत वाचा, पुढे पळू नका. मग लूक 18 मधली न्यायाधीशाची पाठ न सोडणारी विधवा, मग नीतिसूत्रे 31:8, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी बोला.

वाचून झालं की याच हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या बायका-मुलींवरच्या 2019 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात 231 मागण्या आहेत, त्यातली रोज एक वाचा आणि खासदाराला ईमेल टाका, नेमकी कुठली मागणी ते लिहून, नुसतं दुःख झालं लिहून काही होत नाही.

आणि चर्चमध्ये बोलताना रेसिडेन्शियल शाळा, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळा, बऱ्याच ठिकाणी चर्चनीच चालवल्या हे गाळू नका प्लीज, ते गाळलं तर आपल्या प्रार्थनेवर कोण का विश्वास ठेवेल? रेड ड्रेस डेच्या कार्यक्रमाला गेलात तर माईक आदिवासी बायकांकडेच राहू दे, आपण ऐकायचं आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबायचं.