चित्रपटातील वाद्यवृंदाची लय, पट्टी आणि भाव कसे ओळखावेत

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी हे काम यंत्रमाग बंद असताना करावे, कारण मागांची एकसारखी खटखट कानात असली की ध्वनिमुद्रणातील ठोका हमखास चुकतो. डबल बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) किंवा टिंपनीकडे (नगाऱ्यासारखे तालवाद्य) लक्ष देऊन 15 सेकंदांतील ठोके मोजावेत आणि त्यांना 4 ने गुणावे. 18 ठोके भरले, तर लय मिनिटाला 72 ठोक्यांची.

पट्टी शोधताना घाई नको. भजनी मंडळाची पेटी त्यासाठी पुरेशी आहे: सुरावट जिथे विसावते, तो स्वर आधी गुणगुणावा आणि मग पेटीवर शोधावा. तो पांढरी सहाला मिळाला, तर षड्ज (सा) 'ए', म्हणजे पाश्चात्त्य स्वरनावांतला A, धरावा. त्यावर शुद्ध गंधार (ग) जुळला तर पट्टी मेजर, कोमल गंधार जुळला तर मायनर. जुन्या टेपवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण टेपच्या वेगातील फरकामुळे दोन पट्ट्यांच्या मधेही पडू शकते. अशा वेळी जवळची पट्टी धरावी.

मायनर म्हणजे दुःख, असा भाव केवळ पट्टीवरून ठरवणे मला मुळीच पटत नाही. द्रुत लयीत ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवर वाजणारी मायनर सुरावट त्वेषाची वाटते, तर तीच चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातले खालच्या सुरांचे वाद्य) संथपणे आली की शोकाची होते. म्हणून नोंदवहीत पट्टीशेजारी लय आणि मुख्य वाद्य अवश्य लिहावे.