६० हजारांत जुनी एस्टीम पळती कशी करायची

आमच्या दर्यापूर तालुक्यात पैसा महिन्याला येत नाही, पिकाला येतो. डिसेंबर-जानेवारीत कापूस, मग तूर, मग हरभरा. म्हणून गाडीवरच्या खर्चाचा बेतही मी त्याच हिशोबाने मांडतो: तीन पिकं, तीन हप्ते, सगळे मिळून ६० हजार. माझी गाडी २००४ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय. तुमच्याकडे झेन, जुनी बलेनो किंवा जिप्सी असेल तर सुटे भाग वेगळे लागतील, पण कामांचा क्रम हाच राहील.

एस्टीमच का? अमेरिकेत १९६४ साली पॉन्टियाकने मधल्या अंगाच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ काढली आणि 'मसल कार' हा प्रकार तिथे रुजला. युक्ती साधी होती, गाडी बेताची आणि इंजिन दांडगं. आपल्याकडे साध्या माणसाच्या गाडीत एवढी मोठी इंजिनं कधी आलीच नाहीत. पण एस्टीमचं १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन ८५ हॉर्सपॉवर देतं आणि गाडीचं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास आहे. टनामागे ९७ हॉर्सपॉवर झाले. आजच्या बऱ्याच नव्या हॅचबॅकना एवढं जमत नाही. शिवाय २००७ ला एस्टीम बंद झाली तरी याच घराण्याचं इंजिन जिप्सीत पुढे बरीच वर्षं चालू होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग अमरावती-अकोल्याला अजून मिळतात.

आता खरी गोष्ट. हे ८५ हॉर्सपॉवर कंपनीतून निघाले तेव्हाचे आहेत. वीस वर्षं काळ्या मातीच्या रस्त्यावर चाललेल्या गाडीत त्यातले किती उरले, हे माहीत नसताना कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर), चिप (इंजिनाच्या कॉम्प्युटरला फसवणारा किंवा बदलणारा तुकडा), फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर मोकळा सोडणारा) घ्यायला धावू नका. आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "आंदी पयालेले घोडे धरून आन, मंग नवे इकत घे." माझं सगळं सांगणं याच वाक्यात आहे. पहिले दोन हप्ते पळालेले घोडे धरून आणायला आणि गाडी थांबवायला, नवीन ताकदीला फक्त तिसरा.

पहिलं काम फुकटचं: मोजमाप

एक वही घ्या. सपाट, सरळ, रिकामा रस्ता निवडा आणि दरवेळी तोच ठेवा. सकाळी लवकर, टायरमध्ये हवा बरोबर, एसी बंद, टाकी साधारण सारखीच भरलेली. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर गाडी स्थिर ठेवून ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबायचं आणि ८० ला किती सेकंद लागले ते लिहायचं. मोबाइलवर वेळ बाजूला बसणाऱ्याने घ्यायची, चालवणाऱ्याने नाही. वाऱ्याचा फरक जावा म्हणून जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढा. पुढे प्रत्येक काम झालं की हेच मोजमाप परत करायचं. काम करून आकडा हलला नाही, तर त्या कामाने तुम्हाला फक्त आवाज मिळाला.

मग थ्रॉटल बघा, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी झडप. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप थ्रॉटल बॉडीपासून सोडवा. कोणाला तरी सीटवर बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि आत टॉर्च मारा. आतली गोल चकती पूर्ण कडेवर फिरली पाहिजे, म्हणजे पलीकडचं आरपार दिसलं पाहिजे. जुन्या गाडीत केबल ताणली गेलेली असते किंवा पेडलखाली जाड मॅट असते, आणि चकती तिरपीच अडकून राहते. अशी गाडी आयुष्यात कधी पूर्ण पळतच नाही, आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. केबलचा नट फिरवायला पाच मिनिटं लागतात. चकतीच्या कडेला काळा थर असेल तर थ्रॉटल क्लीनर फवारून मऊ फडक्याने पुसा.

त्यानंतर चारही चाकं जॅकवर घेऊन एकेक हाताने फिरवा. एखादं जड फिरत असेल तर तिथला ब्रेक घासतोय. तो घासणारा ब्रेक दिवसभर तुमचं पेट्रोल आणि ताकद दोन्ही खातो.

आणि डिकी उघडा. आमच्याकडे डिकीत युरियाची गोणी आठ-आठ दिवस फिरत असते. एक गोणी ४५ किलोची. गाडीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे टनामागचा हिशोब लावला तर चार हॉर्सपॉवर गेल्यासारखंच. वर वूफरची पेटी असेल तर तीही धरा. गोणी उतरवायला पैसे पडत नाहीत.

कॉम्प्रेशन टेस्ट, हिला टाळू नका

प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती जोराने दाबली जाते हे ही टेस्ट दाखवते. पुढचे पैसे कुठे जातील हे हीच टेस्ट ठरवते, म्हणून नीट सांगतो. गेज स्वतः घेतलं तर हजार-दीड हजारात मिळतं. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंजेक्टरचं आणि इग्निशन कॉइलचं कनेक्शन सोडवा. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. गेज एका सिलिंडरला लावा, पेडल पूर्ण दाबून धरा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. चारही आकडे वहीत लिहा. या इंजिनाला १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे २०० पीएसआयच्या जवळ, हे चांगलं. १२ ही खालची हद्द. सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही पडलेले असतील तर गॅस्केटवर जास्त संशय घ्या.

पहिला हप्ता, कापसाचा: १८ हजार

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदला, कारण पंपासाठी पुन्हा तोच बेल्ट उघडावा लागतो. शेवटचा कधी बदलला ते कागदावर नसेल तर बदललाच नाही असं समजा. प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, इंजिन आणि गिअर ऑइल, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट बरोबर करणं). प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच, साधे चालतात. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या वाकवून बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुनं रबर फुगतं, त्याला भेगा जातात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. इथे दोन-तीनशे रुपये वाचवू नका.

कूलिंगबद्दल आपल्या भागाला वेगळं सांगावं लागतं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार धरतात, नळ्या बुजतात, ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. फ्लश करताना आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा आणि नंतर तयार कूलंट भरा. रेडिएटरच्या बाहेरूनही बघा. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत रुईचे पुंजके आणि किडे असे बसतात की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये चक्क वाकळ तयार होते. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, हलक्या दाबाने. प्रेशर गनने जाळीची पाती आडवी होतात.

एवढं झालं की वही उघडून परत मोजा. सर्वांत मोठा फरक बहुधा इथेच दिसतो.

या हप्त्याआधी कागद बघून घ्या. वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे वाढवायची केंद्राची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. हा खर्च मी ६० हजारांत धरलेला नाही. नोंदणी संपत आली असेल तर आधी ती करा.

दुसरा हप्ता, तुरीचा: ३० हजार

यातले अर्ध्याहून जास्त टायरला. चार नवे टायर १७५/७० आर १३ याच मापाचे घ्या आणि बाजूवरचा चार आकडी कोड वाचून घ्या. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल. दुकानात पडून राहिलेला जुना टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो.

पोरांना १५ इंची मोठे व्हील हवे असतात. हिशोब करून दाखवतो. मूळ टायरची उंची ५७५ मिलिमीटर. १९५/६५ आर १५ टाकला तर ६३४. दहा टक्के मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के लांब झाला. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८८ ने जात असेल, आणि उचल मात्र गेली. ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीला हे परवडत नाही.

ब्रेक: पुढचे पॅड, मागचे शूज, रबरी ब्रेक पाइप आणि संपूर्ण ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ओल असलेलं ऑइल तापलं की आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलात की उतरायचंही आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पण ऑइल नवं असू द्या.

उरलेल्या पैशात चारही शॉकॲब्सॉर्बर आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबर लाटांसारखं होतं. त्या लाटांवर टायर रस्त्याला धरून राहिला नाही तर इंजिनात कितीही ताकद असो, वापरता येत नाही.

तिसरा हप्ता, हरभऱ्याचा: १२ हजार

इथे वहीतले कॉम्प्रेशनचे आकडे काढा. एखादा सिलिंडर कमी असेल आणि व्हॉल्व्हचा दोष असेल, तर हे पैसे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घ्यायला, नवे व्हॉल्व्ह सील आणि गॅस्केट टाकायला. रिंगा गेल्या असतील तर १२ हजारांत भागणार नाही. पुढच्या कापसापर्यंत थांबा, अर्धं काम करू नका.

आकडे चांगले असतील तरच एक्झॉस्ट हेडर, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणारे पाइप. चार-दोन-एक पद्धतीचा, चार पाइपांचे आधी दोन आणि मग एक होतो तो. पाइप बेताच्या जाडीचा ठेवा. फार मोठा केला तर खालच्या आरपीएमची ओढ जाते आणि घाटात तीच लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) आणि मूळ सायलेन्सर तसेच राहू द्या. पीयूसी पास होते आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांची झोपही मोडत नाही.

कोन फिल्टर नको. हवा तीन अंश तापली की साधारण एक टक्का विरळ होते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त असतं, आणि उघडा कोन तीच तापलेली हवा ओढतो. कंपनीचा डबा आणि बाहेरून हवा घेणारा पाइप शाबूत ठेवा. तुटला असेल तर जुन्या गाडीचा शोधून लावा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'पॉवर चिप' तर हातात घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच म्हणजे नुसता रेझिस्टर, जो कॉम्प्युटरला हवा थंड आहे असं खोटं सांगून पेट्रोल वाढवतो. ९५ किंवा ९९ ऑक्टेनच्या पेट्रोलनेही, इंजिन ठोकत नसेल (जोर दिल्यावर आतून टकटक येत नसेल) तर, काही वाढत नाही.

जुन्या बलेनोचं १६०० सीसी इंजिन टाकण्याचं मला बरेच जण विचारतात. बसवता येतं. पण आरसी बुकातला तपशील बदलतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये सापडता, आणि बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. घरची माणसं ज्या गाडीत बसतात तिच्यावर मी हा धोका घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

हेडर लावल्यावर पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर त्याचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळून घ्या, गॅस्केट बसतं तसे ते सैल होतात. मग त्याच रस्त्यावर, सकाळीच, ४० ते ८०.