हातात मोजे, तरी जंतू मोकळे: वॉर्डातल्या या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या कुठल्याही वॉर्डात काहीच धड सुकत नाही. मृगापासून चवथीपर्यंत मॉप दमट, बेसिनपाशी लटकवलेला टॉवेल दमट, रुग्णाच्या हातावरचं, सलाइनची नळी धरून ठेवणारं चिकट प्लास्टरसुद्धा घामाने कडेकडेने सुटायला लागतं. जंतूंचं याच दिवसांत फावतं. नर्सिंगच्या नवीन मुली ड्युटीवर रुजू झाल्या की मी त्यांना नियम विचारत नाही, ते त्यांना पाठ असतात. मी त्यांना ड्रेसिंग ट्रॉलीपाशी नेते आणि सांगते, इथे कुणी कुणी स्वतःची सोय करून ठेवलीय ते शोधा. मी पाहिलेल्या बहुतेक चुका या सोयीतूनच झाल्या आहेत.

सगळ्यात मोठी सोय हातमोज्यांची. परवा एका मुलीला पाहिलं. तिने जखमेचं ड्रेसिंग केलं, त्याच मोज्यांनी शेजारच्या खाटेचं सलाइन हळू केलं, केस पेपर ओढला, पेन उचललं, पडदा सारला. तिचे हात स्वच्छ राहिले, पण वाटेतल्या सगळ्या वस्तू बरबटल्या. मोजे एका रुग्णापुरते आणि एका कामापुरते असतात. त्यांना न दिसणारी भोकंही असू शकतात आणि काढताना मनगटाला घाण लागते, म्हणून ते काढल्यावर हात धुवायचेच.

हात कधी धुवायचे याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. यातला पाचवा प्रसंग हमखास राहतो. रुग्णाला हातच लावला नाही, नुसता कठडा वर केला, मग कशाला धुवायचे, असं वाटतं. पण कठडा, लॉकर, सलाइनचा स्टँड यांवर त्याच रुग्णाचे जंतू असतात. अल्कोहोलचं हँडरब २० ते ३० सेकंद चोळा, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद द्या. जुलाबाच्या रुग्णाकडून आलात तर मात्र साबण-पाणीच हवं, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्या ड्युटीपुरत्या उतरवून ठेवा. बांगड्यांबद्दल सांगताना मलाही जड जातं, पण त्यांच्याखालचं मनगट धुतलं जात नाही.

पणजीत १८४२ मध्ये जी वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिच्याच परंपरेत आजचं आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी प्रसूती विभागात येणाऱ्यांना क्लोरिनयुक्त पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी ते मनावर घेतलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कॅन्युलाची जागा लाल होत असेल तर

आठवड्यात तीन-चार रुग्णांच्या हातावर कॅन्युलाची, म्हणजे औषध-सलाइनसाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीची, जागा लाल झाली, दुखू लागली, तर "शिरा नाजूक आहेत" म्हणून सोडून देऊ नका. आधी ट्रॉली तपासा.

स्पिरिटच्या बोळ्यांचा डबा उघडा. सकाळी भिजवलेले बोळे दिवसभर पुरवले जातात, प्रत्येकीची बोटं त्यात बुडतात, स्पिरिट उडून जातं आणि दुपारपर्यंत उरतो तो नुसता ओला कापूस. बोळे भिजवून साठवू नका, लागेल तेव्हा कोरडा बोळा घेऊन त्यावर स्पिरिट घ्या. मग फ्रीजमध्ये बघा. अनेक डोसांच्या वायलच्या, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटलीच्या, रबरात सुई खोचून ठेवलेली असेल तर जंतूंना सरळ वाट मिळाली. दर वेळी रबर पुसायचं आणि नवी सुई, नवी सिरिंज घ्यायची. सलाइनच्या बाटलीला हवेसाठी टोचलेली सुई हा त्याचाच भाऊ, तिच्यातून वॉर्डातली हवा गाळल्याशिवाय आत जाते. लिक्विड सोपची बाटलीही तपासा. अर्धी संपली की वरून ओतायची सवय असेल तर तळाशी जंतू पोसले जातात. बाटली पूर्ण रिकामी करून, धुऊन, सुकवून मगच भरावी, आणि पावसात सुकायला दोन दिवस लागतात म्हणून जादा बाटल्या हाताशी ठेवाव्यात.

आणि ती फुंकर! स्पिरिट लवकर सुकावं म्हणून कातडीवर फुंकर मारताना मी चांगल्या अनुभवी सिस्टरांनाही पाहिलं आहे. तोंडातले जंतू पुसलेल्या जागेवर पडतात. शिवाय स्पिरिटचं काम सुकता सुकताच होतं, ते आपोआप सुकू द्यायचं. कॅन्युलाचं तोंड औषध देण्याआधी १५ सेकंद घासून पुसा. प्लास्टर ओलं झालं किंवा सुटलं तर बदला, त्यावर तारीख घाला. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा, ही कॅन्युला आज लागणार आहे का? नसेल तर काढा.

कॅथेटरचंही, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीचंही, तसंच. लघवी साठवणारी युरोबॅग मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवतात, तेव्हा साठलेली लघवी उलटी आत जाते. वॉर्डबॉयलाही हे समजावून सांगा.

इन्शुलिनची सिरिंज

आपल्याकडे इन्शुलिन एका मिलिलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळतं आणि सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० ताकदीचं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलंत तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट केलंत तर फक्त ८. नाइट ड्युटीला मंद दिव्यात ही दोन टोपणं सारखीच दिसतात. दिवा लावा, वायल आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नका, ती थेट पांढऱ्या डब्यात टाका. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून ड्युटी संपेपर्यंत गप्प राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, फार जीव तुटतो.

"गावकर ना?"

ही चूक माझी. पावसाची झड खिडकीतून आत येत होती म्हणून संध्याकाळच्या ड्युटीने दोन खाटांची अदलाबदल केली होती. ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ते सांगायचं राहिलं. रात्री मी इंजेक्शन घेऊन नेहमीच्या जागी गेले. आजोबा अर्धवट झोपेत. "गावकर ना?" मी विचारलं. ते "हय" म्हणाले. खोटं नव्हतंच ते, वॉर्डात दोन गावकर होते. मी कॅन्युलाचं टोपण उघडणार तोच खाली चटईवर झोपलेली त्यांची सून उठली. "सिस्टर, आमच्या बाबांना रात्रीचं इंजेक्शन नसतं."

मी हात मागे घेतला. केस पेपर पाहिला. त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी होती आणि माझ्या ट्रेमध्ये पेनिसिलिन गटातलंच औषध होतं.

खाटेचा नंबर म्हणजे रुग्णाची ओळख नाही. आणि "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं की थकलेला, कमी ऐकू येणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, मग मनगटावरच्या पट्टीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक केस पेपरशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळल्याशिवाय सिरिंज पुढे करायची नाही. त्या सकाळी मी सगळं लिहून इन्चार्ज सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी रागावण्याऐवजी खुर्ची ओढून दिली आणि खाटा कुणी हलवल्या, कधी, हे शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या आठवड्यापासून आमच्याकडे खाट हलली की दोघी मिळून पट्टी वाचतात आणि मगच हँडओव्हरच्या वहीत सही होते.