पंच नीडलचं पहिलं बस्कर: या चुका टाळा

पंच नीडल म्हणजे पोकळ सुईने कापडात लोकरीचे लूप भरत रग किंवा बस्कर करायचं काम. यात कुठेही गाठ मारायची नसते. हे एक वाक्य कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझी निम्मी लोकर वाचली असती. सुई कापडात घुसते, मागे येते आणि पलीकडच्या बाजूला लोकरीचा एक लूप सोडून जाते. त्या लूपला धरून ठेवतं ते फक्त कापड. सुईने बाजूला सारलेले धागे, सुई निघाली की पुन्हा जवळ येतात आणि लोकरीला आवळतात. शेजारचे लूपही एकमेकांना दाटीने उभे धरतात. शेवटच्या एसटीत उभ्याने जाताना दांडी धरावी लागत नाही, तसंच.

म्हणून ज्यांचा हात भरतकामावर बसलाय त्यांच्याच चुका जास्त होतात, हे माझं मत. मी शाळेपासून मॅटीवर क्रॉस स्टिच करत आले. टाका घातला की दोरा ओढून घट्ट करायचा, ही सवय बोटांत मुरलेली. इथे ओढलात की लूप गेला. दोन रांगा घालून मी कौतुकाने कापड उलटून पाहिलं, तर सुलट्या बाजूला जेमतेम पाच लूप उभे होते.

लूप निसटत असतील तर आधी सुई किती वर उचलताय ते बघा. सुई बाहेर आली की टोक कापडाला टेकलेलंच राहिलं पाहिजे. तसंच कापडावरून घसटत पुढच्या भोकापर्यंत न्यायचं आणि पुन्हा खाली. अर्धा इंच जरी हवेत उचललंत तरी मागचा लूप ओढला जातो. दुसरं, सुई मुठीपर्यंत आत गेली पाहिजे. अर्धवट घातली तर एक लूप उंच, एक बुटका, आणि रग उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. तिसरं, सुईची खाच असलेली, उघडी बाजू ज्या दिशेने पुढे जाताय त्याच दिशेला हवी. वळणावर हात वळवण्यापेक्षा कापड ताणून बसवलेली चौकटच फिरवा.

हे सगळं बरोबर असूनही लूप येत नसतील, तर लोकर कुठे अडकलीय ते शोधा. दहापैकी आठ वेळा कारण हेच निघतं. ती सुईतून अगदी सैल, विनाअडथळा वाहायला हवी. गुंडा करकचून गुंडाळलेला असतो, खुर्चीच्या पायाखाली धागा गेलेला असतो, नाहीतर आपणच त्यावर बसलेलो असतो. मी एक अख्खी दुपार ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून काम केलं. गुंडा खाली टोपलीत. झोपाळा मागे गेला की धागा ताणला जायचा, पुढे आला की सैल. एक झोका लूप उभे, एक झोका गायब. दोष मात्र मी सुईला देत होते. आता पाटावर बसते आणि हातभर लोकर आधीच सोडवून मांडीवर ठेवते.

सामानात होणाऱ्या चुका

ऑनलाइन शोधलं की आधी दिसतो तो प्लॅस्टिकच्या मुठीचा, तीन बारीक सुयांचा सेट. स्वस्त असतो म्हणून आपण घेतो. तो भरतकामाच्या दोऱ्यासाठी आहे, लोकर त्यातून जाणारच नाही. रगसाठी जाड, पोकळ सुई लागते. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या एमी ऑक्सफर्ड यांच्या सुया या कामात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नंबरांचा गोंधळ मात्र लक्षात ठेवा: नंबर मोठा तसा लूप छोटा. ८ नंबरचा लूप अर्धा इंच, १० नंबरचा पाव इंच, १४ नंबरचा त्याच्याही निम्मा. बसायच्या नाहीतर पाय ठेवायच्या वस्तूला पाव इंच बरा. त्या महाग वाटल्या तर लाकडी मुठीची, लूपची उंची कमी-जास्त करता येणारी सुई घ्या. कुठलीही घेतलीत तरी एक परीक्षा करा: लोकर ओवून दोन बोटांनी ओढा. अडखळली तर लोकर जाड आहे. सुईत नुसती लोंबत राहिली आणि लूप धरत नसेल तर बारीक आहे, मग दोन पदर एकत्र ओवा.

कापडाच्या बाबतीत मी दोनदा फसले. आधी घरात होती म्हणून मॅटी घेतली. ती कडक, धागे बाजूला सरत नाहीत, जाड सुईने सरळ तुटतात. तुटलेला धागा लूप काय धरणार! मग तांदळाचं गोणपाट. याला तसा मोठा इतिहास आहे. १९व्या शतकात अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या बायका तागाच्या जुन्या पोत्यांवरच हुकाने चिंध्या ओढून रग बनवायच्या. पण त्या जुन्या रगांचं तागच पुढे कडक होऊन तुटतं, आणि आपल्याकडची हवा तर त्याहून वाईट. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझं गोणपाटाचं बस्कर एक पावसाळा पडवीत राहिलं आणि गणपतीपर्यंत त्याला काळ्या बुरशीचे ठिपके पडले. सरावाला गोणपाट चालेल, टिकायला नाही.

मॉन्क्स क्लॉथ या नावाने मिळणारं सुती कापड घ्या. इंचाला १२ ते १४ भोकं, विणही मऊ, सुई काढली की भोक आपोआप मिटतं. कापताना चारी बाजूंना तीन इंच जास्त ठेवा आणि कडेला लगेच झिगझॅग शिलाई मारून घ्या. हे कापड सुटायला लागलं की आवरत नाही.

ताण आणि शंकरपाळी

कापडावर टिचकी मारली तर पखवाजाची आठवण यायला हवी, इतका ताण लागतो. भरतकामाच्या साध्या रिंगमध्ये तो टिकत नाही. आतल्या रिंगला सुती नाडी गुंडाळली तर थोडा टिकतो, तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी ओढून घ्यावं लागतं. मी शेवटी गावातल्या सुताराकडून १८ इंची चौकट करून घेतली आणि कापड स्टेपल केलं. ठोकताना समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घ्या, मध्यापासून कोपऱ्याकडे. एकच बाजू पूर्ण ठोकून मग दुसरीकडे गेलात तर कापडाचे धागे तिरके होतात. चौकटीवर असेपर्यंत ते दिसत नाही, काढल्यावर चौकोनाची शंकरपाळी झालेली असते.

त्यावर उपाय सोपा आहे. चौकोनाची रेघ पट्टीने मारूच नका. पेन्सिलचं टोक दोन धाग्यांमधल्या खाचेत ठेवा आणि हलक्या हाताने ओढा. ते खाच धरून आपसूक सरळ जातं. कापड तिरकं ताणलं असेल तर रेघही तिरकी दिसते, म्हणजे चूक काम सुरू करण्याआधीच कळते.

आपण काम करतो ती मागची बाजू, लूप येतात ती पुढची. म्हणजे चित्र उलटं होणार. मासा डावीकडे पोहत गेला काय, उजवीकडे काय, फरक पडत नाही. अक्षरांचं तसं नाही. मी मोठ्या हौसेने ‘सुस्वागतम्’ भरलं. शेजारच्या काकू आल्या, मान वाकडी करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्यां उलटां कित्याक लिवलंस?" कागदावर लिहून, कागद उलटा करून, खिडकीच्या काचेवर धरून कापडावर उतरवा. आणि पहिल्याच कामात देवनागरी अक्षरं घेऊ नका. मात्रा आणि उकार इतके बारीक असतात की पाव इंची लूपात ते गिळले जातात.

बस्कर घावनासारखं उचललं तर

घावन तव्यावर कडेने सुटतं, तसा रग चौकटीवरून काढल्यावर चारी बाजूंनी वर आला, तर तुम्ही लोकर कोंबली आहे. नवशिक्याला मागच्या बाजूने कापड मधेमधे दिसतं आणि जीव राहत नाही, म्हणून तो प्रत्येक भोक भरत सुटतो. मागे थोडं कापड दिसणारच. बाह्यरेषेला साधारण दर दुसऱ्या भोकात, आत भरताना दर तिसऱ्या भोकात सुई घाला. दोन रांगांमध्येही एक-दोन भोकं रिकामी राहू द्या. पुढून बघा, लूप फुलून ती जागा झाकतात. आधीच कोंबून झालं असेल तर मधल्या काही रांगा सरळ उसवा. गाठ नाही, म्हणून उसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. उसवल्यावर भोकं मोठी दिसतील. नखाने कापड आडवं-उभं खरवडलं की धागे जागेवर येतात.

थोडंसंच उचललं असेल तर मागून ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. पण त्याआधी लोकर कसली आहे ते बघा. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते आणि गरम इस्त्रीखाली वितळून चपटी होते. तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर ती खरी लोकर. वितळून टणक काळा मणी झाला तर अॅक्रिलिक. किनारपट्टीवर मला अॅक्रिलिकच बरं वाटतं. दिसायला खऱ्या लोकरीइतकं देखणं नाही, पण लवकर वाळतं आणि त्याला कसर लागत नाही.

लोकर मोजून घ्या. खऱ्या लोकरीचा अंदाज चौरस फुटाला पाव किलोच्या आसपास, म्हणजे १४ इंची चौकोनी बस्कराला साधारण साडेतीनशे ग्रॅम. एकाच लॉट नंबरच्या लड्या घ्या. नंतर आणलेला ‘तोच’ लाल कधीच तोच नसतो. लाल आणि निळ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर दाबून ठेवा, रंग जातो की नाही ते सकाळी कळेल.

मागे गोंद फासू नका. टफ्टिंग गनने, म्हणजे कापडात धागे भरणाऱ्या विजेच्या यंत्राने, केलेल्या रगला तो लागतो, कारण तिथे कापड धाग्याला इतकं धरत नाही. पंच नीडलला गरज नाही. गोंद लावला की रग पापडासारखा कडक होतो आणि पुढे दुरुस्ती करता येत नाही. कडा एक-एक इंच दोनदा दुमडून जाड दोऱ्याने हातशिलाई घाला, एवढं पुरतं. गुळगुळीत लादीवर टाकणार असाल तर खाली न घसरणारी जाळी घाला.

आणि तो दारात टाकू नका. जांभ्याची तांबडी माती लूपांत शिरली की निघत नाही. तिथे काथ्याचं पायपुसणं आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

मांजराची नखं किंवा पैंजण अडकून एखादा लूप ओढला गेलाच, तर कात्री हातात घेऊ नका. कापलात की दोन टोकं सुटतील आणि शेजारचेही सैल होतील. रग उलटा करा, बोथट क्रोशाच्या सुईने लांब झालेली लोकर मागून हळूहळू ओढून शेजारच्या टाक्यांमध्ये वाटून टाका. पुढून उंची सारखी झाली की मागची लोकर नखाने दाबून बसवा. मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून हे करा.